दीडशे वॅटचा दिवा, मीटरवर चौतीस

गॅरेजमधल्या जुन्या बल्बखाली बॉनेट उघडलं की माझीच सावली इंजिनवर पडायची. म्हणून ऑनलाइन तीन पाकळ्यांचा एलईडी दिवा मागवला. खोक्यावर ठसठशीत छापलेलं: 150 वॅट, 15000 लुमेन (लुमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप). होल्डरमध्ये बसवायचा, पाकळ्या उघडायच्या, झालं काम. पहिल्या रात्री डोळे दिपले आणि मी लगेच पाच तारे देऊन मोकळा झालो. उजेड दिव्याकडे बघून नाही, हातातल्या पान्याकडे बघून जोखायचा असतो, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

पुढच्या महिन्यात वायरिंग करायला बसलो, तर तपकिरी वायर कुठली आणि लाल कुठली तेच कळेना. मोबाइलचा कॅमेरा धरला, तर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, म्हणजे दिवा डोळ्यांना न कळता फडफडत होता. मग मात्र पाल चुकचुकली. घरातलं सगळं बंद केलं, अगदी फ्रिजसुद्धा, आणि मीटरसमोर जाऊन उभा राहिलो. माझ्या मीटरचा छोटा लाल दिवा एका युनिटला 3200 वेळा लुकलुकतो, तसं त्याच्यावरच लिहिलंय. 150 वॅटला पाच मिनिटांत 40 वेळा लुकलुकायला हवा होता. लुकलुकला 9 वेळा. म्हणजे जेमतेम 34 वॅट!

बरा एलईडी वॅटमागे 100 लुमेनच्या आसपास देतो. म्हणजे माझ्या पदरात साडेतीन हजार, तेही दिवा बरा असेल तर. विक्रेत्याला विचारलं. उत्तर आलं, ‘सर, 150 वॅट म्हणजे जुन्या बल्बच्या बरोबरीचा.’ बरं, तसं धरू. पण जुना 100 वॅटचा पिवळा बल्बसुद्धा 1300 लुमेनच्या आसपासच द्यायचा, मग हे 15000 आले कुठून? त्यावर चिडीचूप. परत करायची मुदत तोवर उलटलेली. चार महिन्यांत एक पाकळी फडफडून मेली. खोलून पाहिलं, तर ॲल्युमिनियम म्हणून मिरवणारं अंग रंगवलेलं प्लास्टिक निघालं. उष्णता जाणार कुठून?

तुम्ही घेणार असाल तर दिवा प्रत्यक्षात किती वॅट ओढतो ते लेखी विचारा, आणि मुदतीच्या आत मीटरवर मोजा. सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, 80 च्या वर हवा. छापलेला नसेल तर नाहीच समजा. मोशन सेन्सरचा मोह टाळा. गाडीखाली आडवं पडून नट सोडवताना तो तुम्हाला मेलेलं समजतो आणि अंधार करतो.

मधोमध एकच मोठा दिवाही नको, तो गाडीचं टप उजळतो. माझं गॅरेज 18 चौरस मीटरचं. कामापुरते 300 लक्स, म्हणजे चौरस मीटरमागे 300 लुमेन, धरले तर 5400 लुमेन लागतात, भिंती मळकट असतील तर जास्तच. आता गाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक चार फुटी बॅटन, म्हणजे एलईडीची पट्टी, आहे आणि तिसरी कामाच्या टेबलावर. प्रत्येकीवर 20 वॅट लिहिलेलं. लावल्या त्याच संध्याकाळी पुन्हा फ्रिज बंद केला, तिन्ही पेटवल्या आणि घड्याळ घेऊन मीटरसमोर उभा राहिलो. पाच मिनिटांत 16.