आगीनंतर घर सांभाळताना: ताडपत्री, प्लाय आणि बाकी सगळं, काही महिन्यांच्या वापरानंतर

स्वयंपाकघर आणि त्यावरचं छप्पर जळालं, बाकीच्या खोल्यांत धूर आणि बंबाचं पाणी. दुरुस्ती लांबणार हे उघड होतं, म्हणून मधल्या काळात घर टिकवायला जे जे आणलं त्याबद्दल लिहितेय. माझं मत आधीच सांगते: आगीने जेवढं नेलं, तेवढंच उघड्या घरात शिरणारं पाणी नेऊ शकतं. पैसे आधी झाकण्यावर घाला, साफसफाई नंतर.

पहिली पातळ ताडपत्री उन्हाने ठिसूळ झाली; हात लावला की भुकटी लागायची. दुसरी जाड, उन्हाला टिकणारी घेतली, ती अजून शाबूत आहे. पण खरी करामत बसवण्यात आहे. नुसती दोरीने बांधली की ती वाऱ्यात फडफडते आणि कड्यांपाशी फाटते. आम्ही कडा लाकडी पट्टीला गुंडाळून स्क्रूने आवळल्या आणि वरची बाजू आढ्यापलीकडे नेली, तेव्हा गळती थांबली. आढ्याच्या अलीकडे संपवली तर पाणी तिच्याखालून शिरतंच.

खिडक्यांना १८ मिमी प्लाय. खिळे नकोत, जळकी चौकट खिळा धरत नाही. आतून आडवी फळी, आरपार बोल्ट आणि नट आतल्या बाजूला. बाहेर नुसतं गोल डोकं, त्याला पाना लागतच नाही. एकदा कुणीतरी पहारीने उचकटून पाहिलं. कडेचा टवका उडाला, प्लाय जागचा हलला नाही.

डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) चांगला, पण खोली बंद असेल तरच. नाहीतर तो बाहेरची हवा सुकवत बसतो. इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नव्हता, त्यामुळे यंत्र उशिरा लागलं. ओल्या भिंतीवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू शकते, एका भिंतीवर ती धरलीच. त्यात यंत्राचा दोष नाही.

काजळीसाठी कोरडा रबरी स्पंज, याला पैकीच्या पैकी. ओलं फडकं फिरवलं की काजळी रंगात मुरते. स्पंज भिंतीवर एका दिशेने ओढायचा, काळा झाला की वरचा थर ब्लेडने कापायचा, आतून पुन्हा स्वच्छ निघतो. मास्क हवाच. धातूच्या वस्तू मात्र आधी पुसा: वायरींवरचं पीव्हीसी प्लास्टिक जळून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, ओल मिळाली की त्याचं आम्ल होतं. नळांवर बघता बघता खड्डे पडले.

सुगंधी फवारे पूर्ण वाया. दोन दिवस लिंबू, मग पुन्हा जळका वास. भिंत नीट साफ करून वर डाग-वास अडवणारा शेलॅक प्रायमर (रंगाआधीचा लाखेचा थर) दिला, तो उपयोगी पडला. पण तो लावताना वासाने डोकं उठतं, खिडकी उघडी हवी, म्हणजे त्या दिवसापुरता एक प्लाय काढणं आलं.

झाकण्याचं काम करायला आलेल्यांनी त्याच कागदावर पूर्ण दुरुस्तीचीही सही मागितली होती. आम्ही फक्त झाकण्याचं काम दिलं. विम्यासाठी काहीही हलवण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढले, ताडपत्रीपासून स्क्रूपर्यंत पावत्या जपल्या. तातडीच्या संरक्षणाचा खर्च दाव्यात मांडता आला.

बॅटरीवरचा कॅमेरा ठीकठाक. ताडपत्री हलली तरी मोबाइल वाजायचा, म्हणून तो दाराकडे वळवला. बॅटरी खोक्यावर लिहिल्यापेक्षा बरीच लवकर उतरते.