रोजचं मनन: संतांची पुण्यतिथी धरावी की मिस्सेची वाचनं?

माझा भाचा जळगावच्या एमआयडीसीत कामाला आहे. परवा भरताची वांगी द्यायला भुसावळला आला, पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "मामा, पोरगी बालवाडीत जायला लागली. रोज सकाळी दहा मिनिटं घरात काहीतरी वाचायचं म्हणतोय. आपल्या कॅथलिक संतांचं वाचू, की वाचनं, म्हणजे चर्चमधल्या मिस्सेच्या उपासनेत त्या दिवशी वाचतात ते बायबलचे उतारे, की बायबलच पहिल्या पानापासून?" तेव्हा शिफ्टला जायची घाई होती, मी काहीतरी मोघम सांगून त्याला वाटेला लावलं. पण तिन्ही प्रकार मी स्वतः करून बसलोय, म्हणून आता नीट लिहितो. त्याच्यासारखे आणखी काही जण असतीलच.

पहिल्या पानापासून बायबल वाचायचा संकल्प बहुतेक जण १ जानेवारीला करतात. दुकानात सहज मिळणाऱ्या मराठी बायबलात ६६ पुस्तकं आणि ११८९ अध्याय असतात, म्हणजे वर्षात संपवायचं तर रोज तीन-सव्वातीन अध्याय. उत्पत्ती सुसाट जातं, निर्गमात तांबडा समुद्र ओलांडेपर्यंत मजा येते. मग जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात लेवीय लागतं आणि होमबली, अन्नबली, कोडाची लक्षणं सुरू होतात. मी दोनदा तिथेच बसलो. चिकाटी असेल आणि रोज अर्धा तास असेल तर जरूर करा, पण दहा मिनिटांचं आणि पाच वर्षांच्या पोरीबरोबरचं हे काम नव्हे.

खरी निवड उरते ती संत आणि वाचनं यांच्यात.

संतांची बाजू जोरकस आहे, कारण ती आपल्याला मुळातच कळते. संताचा सण बहुधा त्याच्या मृत्यूच्या दिवशी असतो. ज्या दिवशी जगातून गेला तोच स्वर्गातला जन्मदिवस, असा त्यामागचा विचार. पुण्यतिथ्या पाळणाऱ्या महाराष्ट्रात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जयंत्या मात्र चर्चच्या पंचांगात तीनच: नाताळ, ८ सप्टेंबरला मरियेची आणि २४ जूनला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची. पोरांना हे असलं फार आवडतं. ३ डिसेंबर म्हटलं की फ्रान्सिस झेवियर, १५४२ साली गोव्यात उतरलेला आणि दहा वर्षांनी चीनच्या दाराशी एका बेटावर तापानं गेलेला. ६ फेब्रुवारीला जपानचे हुतात्मे, आणि त्यांच्यात आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया, १५९७ साली नागासाकीत क्रुसावर चढवलेला. वसईचा माणूस म्हटल्यावर ऐकणारा जरा पुढे सरकून बसतो.

संतांच्या वाटेनं इतिहासही घरात येतो, कधी अगदी गमतीशीर रूपात. २७ नोव्हेंबरला चर्चच्या जुन्या हुतात्मा-यादीत, म्हणजे संतांच्या दिवसांच्या यादीत, योसाफात नावाचा एक हिंदुस्थानी राजपुत्र होता. बाप त्याला दुःख दिसू नये म्हणून महालात कोंडतो, पोरगा बाहेर पडतो, आजारी माणूस पाहतो, म्हातारा पाहतो आणि राज्य सोडून वैरागी होतो. ओळखीचं वाटतंय ना? बरोबर. बुद्धाचीच कथा अरबी, जॉर्जियन, ग्रीक करत करत युरोपात पोचली आणि 'बोधिसत्त्व' शब्द घासत घासत योसाफात झाला. अजिंठा ज्यांच्या दारात आहे त्यांना तर ही कथा ठाऊक हवीच.

आता कुरकुर. मी एक वर्षभर रोज एक संत वाचला. मार्चपर्यंत सगळे एकमेकांत मिसळले. अमुक लहानपणापासूनच धार्मिक, तमुक श्रीमंत घरातली, लग्न नाकारलं, मठात गेली, आजारी पडली, गेली. निम्मे इटली-फ्रान्सचे. दोष त्यांचा नाही, लिहिणाऱ्यांचा आहे, पण वाचणाऱ्याचं व्हायचं ते होतंच. दुसरं असं की जुन्या काही कथांना इतिहासाचा आधार फार पातळ आहे. ड्रायव्हर मंडळींचा लाडका क्रिस्तोफर त्यांतलाच; १९६९ साली तो जागतिक पंचांगातून गळला. त्याचं संतपण कुणी काढून घेतलेलं नाही, गाडीतलं पदक राहू द्या.

आणि तिसरी गोष्ट मला उशिरा उमजली. संत वाचताना मी निवड करत होतो. आवडला तर वाचला, कंटाळवाणा वाटला तर उद्याचा.

वाचनांत ती मुभा नसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ मध्ये वाचनांची नवी मांडणी आली. मत्तय, मार्क, लूक, योहान ही येशूचं चरित्र सांगणारी बायबलमधली चार पुस्तकं, त्यांतला उतारा म्हणजे सुवार्ता. रविवारचं चक्र तीन वर्षांचं: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. योहान ईस्टरआधीच्या उपवासकाळात आणि ईस्टरपासूनच्या पुनरुत्थानकाळात येतो, शिवाय मार्क आखूड असल्यामुळे त्याच्या वर्षात काही रविवार योहानाचा सहावा अध्याय घेतात. कोणतं वर्ष चालू आहे हे काढायची सोपी युक्ती: सालाला ३ नं भागा. पूर्ण भाग गेला तर लूक, १ उरला तर मत्तय, २ उरले तर मार्क. फक्त वर्ष जानेवारीत नाही, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, म्हणजे नाताळाच्या चार रविवार आधी बदलतं. एरवीच्या दिवशी सामान्यकाळात, म्हणजे नाताळ-ईस्टरचे काळ सोडून उरलेल्या दिवसांत, मार्क, मग मत्तय, मग लूक ओळीनं येतात, दरवर्षी तेच. सुवार्तेआधीचं पहिलं वाचन मात्र विषम साली एक आणि सम साली दुसरं.

फायदा काय? इंदूरकडच्या गावात, नंदुरबारच्या पाड्यावर किंवा गोव्यात, सगळीकडे त्या सकाळी तोच उतारा. आमच्यासारख्यांना, ज्यांना रात्रपाळीमुळे आठवड्यातून एकच मिस्सा मिळते, त्यांना हे फार आहे. तोटा हा की उतारा कधीकधी मधूनच सुरू होतो आणि "त्या वेळी येशू" म्हटलं की कोणत्या वेळी ते आपणच मागे जाऊन शोधायचं.

माझं मत कसं बनलं ते सांगतो. २५ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. रात्रपाळी करून आलो होतो, चहा गॅसवर. त्या दिवशी सिस्टर राणी मारियाला जाऊन बरोब्बर तीस वर्षं झाली होती. केरळची बाई, धुळ्याहून आग्रा रोडनं सेंधव्यावरून वर गेलं की लागतो त्या इंदूरच्या पलीकडे, उदयनगरला, गरीब आदिवासींना सावकारांच्या कचाट्यातून सोडवत होती. १९९५ मध्ये बसनं जाताना भोसकून मारली. पुढे तिच्या धाकट्या बहिणीनं तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. २०१७ साली इंदूरलाच तिला धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. मी तिचं वाचणारच होतो. पण सवयीनं आधी वाचनं काढली. पहिलं वाचन बायबलमधलं सिराखचं पुस्तक, दुसरा अध्याय: बाळा, प्रभूची सेवा करायला निघालास तर कसोटीला तयार राहा. सुवार्ता मार्क नऊ: ज्याला पहिलं व्हायचंय त्यानं सगळ्यांत शेवटचं, सगळ्यांचा सेवक व्हावं. ही वाचनं तिच्यासाठी कुणी निवडली नव्हती. सामान्यकाळाच्या सातव्या आठवड्याचा मंगळवार होता, एवढंच. चहा उतू गेला.

तेव्हापासून माझ्याकडे वाचनं आधी, संत मागाहून. पंचांगाचा नियमही जवळपास हाच आहे: संताच्या साध्या स्मरणदिनी सहसा त्या दिवसाचीच वाचनं चालू ठेवतात, आणि उपवासकाळात तर बहुतेक संत मागच्या बाकावर जातात. मोठ्या सणाला भांडणच मिटतं. ३ जुलैला संत थॉमसचा सण आणि वाचनही त्याच्याच अविश्वासाचं.

मग कुणी काय करावं? घरात लहान पोर असेल तर पहिली दोन-तीन वर्षं संतच चांगले, पण सगळे नकोत. आठवड्याला एक, आणि शक्यतो ज्याचं गाव नकाशावर दाखवता येईल असा. एकटे असाल, शिफ्ट असेल, तर फक्त सुवार्ता; पाच मिनिटं पुरतात. मराठीची गोडी असेल तर फादर थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणातल्या दोन ओव्या रविवारी मोठ्यानं म्हणाव्यात. १६१६ सालचं पुस्तक आहे, इंग्रज माणसानं आपल्या भाषेत रचलेलं, आणि जिभेवर अजून छान बसतं.

भाच्याला मी शेवटी फोन करून सांगितलं: सोमवार ते शुक्रवार सुवार्ता, शनिवारी पोरीसाठी एक संत. आणि पुस्तक बदल. त्याच्या घरी आहे ते सासरहून, नवापूरहून लग्नात आलेलं बायबल. सासरची मंडळी प्रोटेस्टंट, त्यामुळे ६६ पुस्तकांचं. आपल्या कॅथलिकांची ७३. विषम साली रोजच्या वाचनांत सिराख येतं, तोबीत येतं, ज्ञानग्रंथ येतो, मक्काबी येतं, आणि माणूस अनुक्रमणिका चाळत बसतो.

"म्हणजे सासऱ्यांचं कपाटात ठेवू?" त्यानं विचारलं.

"बाहेरच राहू दे," म्हटलं, "सासरे येतात अधूनमधून."