जुनं एसएसआयएस पॅकेज: दुरुस्त करावं की नव्यानं लिहावं?

जिनिंगचा काटा, खरेदीची एक्सेल आणि शेतकऱ्यांचे चुकारे जोडणारं एसएसआयएस (एसक्यूएल सर्व्हरचं डेटा इकडून तिकडे नेणारं साधन) पॅकेज तुमच्या गळ्यात पडलंय, लिहिणारा केव्हाच पुण्याला गेलाय आणि ते आपोआप चालवणारा जॉब रोज पहाटे फेल होतोय. आता तेच नीट करायचं, की एसक्यूएल प्रोसिजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेल्या कोडमध्ये) नवं लिहायचं? माझ्या मते हे आधी महिना पाहून ठरवावं.

दिवाळीनंतर फाटकावर गाड्यांची रांग असेल तर दुरुस्तीच. ‘हातानं चालवलं की चालतं, जॉबमधून मरतं’ अशी तक्रार असेल तर लॉजिक सहसा ठीकच असतं. आधी पॅकेजमधला जोडणीचा पासवर्ड बघा. मूळ सेटिंगमध्ये तो बनवणाऱ्याच्या विंडोज खात्याच्या किल्लीनं बंद होतो आणि एजंटच्या (जॉब वेळेवर चालवणाऱ्या सर्व्हिसच्या) खात्याला उघडत नाही. तो एसएसआयएसडीबी कॅटलॉगच्या (सर्व्हरवर पॅकेज आणि सेटिंग ठेवायच्या जागेच्या) एन्व्हायर्नमेंटमध्ये हलवा. मग ड्रायव्हर. जुनी एक्सेल वाचणारा जेट नावाचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा आहे. जॉबच्या स्टेपमध्ये ३२ बिट रनटाइमवर टिक करा. ही दोन्ही कामं एका दुपारची.

जॉब हिरवा आणि डेटा चूक, हे दुखणं जास्त वाईट. एक्सेलचा ड्रायव्हर पहिल्या ८ ओळी पाहून कॉलमचा प्रकार ठरवतो. तिथे पावती नंबर नुसते आकडे असले आणि पुढे कुठे ‘बी-११२’ आला, की त्या जागी नल, म्हणजे रिकामं. चुकारा अडकलेला शेतकरी ऑफिसात येऊन बसतो तेव्हा कळतं. नवं लिहूनही हाच ड्रायव्हर ठेवलात तर हेच होणार, म्हणून दोन्हीकडे एक्सेलऐवजी सीएसव्ही (साधी मजकूर फाइल) घ्या.

नव्या लिखाणाची बाजू लाईन गेली की कळते, आणि आपल्याकडे ती जातेच. पॅकेज आपणहून ट्रान्झॅक्शन (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, असा गठ्ठा) उघडत नाही. खरेदीचं टेबल भरलं, चुकाऱ्याचं राहिलं, पुन्हा चालवलं की खरेदी दुप्पट. प्रोसिजरमध्ये सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधा. सर्व्हर उठताना अर्धवट काम स्वतःच मागे घेतो. शिवाय पॅकेजला व्हिज्युअल स्टुडिओ लागतो, तोही सर्व्हरच्या आवृत्तीशी जुळवून. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तो उतरवण्यातच दिवस जातो.

धोका एकच, पण मोठा. ८ टक्क्यांवरच्या ओलाव्याची कपात पॅकेजच्या कुठल्या तरी डिराइव्हड कॉलममध्ये (हिशेब करून नवा कॉलम बनवणाऱ्या पायरीत) पुरलेली असते आणि मुनीमजींनाही ती सांगता येत नाही. पॅकेजची डीटीएसएक्स फाइल म्हणजे साधं एक्सएमएल, वाचता येणारा मजकूर. नोटपॅडमध्ये उघडून असे नियम आधी वहीत उतरवा.

काही ठिकाणी निवडच उरत नाही. पॅकेज डीटीएसच्या (एसएसआयएसच्या आधीच्या साधनाच्या) काळातलं असेल तर एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून पुढे ते चालत नाही. मालक खर्चापोटी एसक्यूएल सर्व्हरच्या फुकट एक्सप्रेस आवृत्तीवर जाणार असतील तर तिथे एजंट नाही. प्रोसिजर आणि विंडोजचा टास्क शेड्युलर, एवढंच हाती राहतं.

लिहायचंच असेल तर उन्हाळ्यात लिहा. मागच्या हंगामाच्या फायली टेस्ट डेटाबेसवर दोन्हींतून चालवा, शेतकरीवार चुकारे जुळवा. जुळल्यावर जुना जॉब डिसेबल करा. डिलीट पुढचा हंगाम सरल्यावर.