बिडाचा १० इंची पॅन: घरच्या गॅसवर मटणाचा स्टेक

सोलापुरात मटण आणलं की ते पातेल्यात नाहीतर कुकरमध्ये जातं. जाड काप तव्यावर भाजून वीस मिनिटांत ताटात वाढणं घरी जमत नाही, असाच समज आहे. पातळ नॉनस्टिक पॅनवर ते खरंच जमत नाही. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, जाड पॅनवर जमतं, आणि फार छान जमतं. हे परीक्षण त्याच पॅनचं: काठ असलेला, दांड्यासकट एकसंध ओतलेला, १० इंची, वजन दोन ते सव्वादोन किलो.

या वजनातच सगळी मेख आहे. गार मटण पॅनवर पडलं की पातळ भांड्याची उष्णता झपकन उतरते, मटणाला पाणी सुटतं आणि ते स्वतःच्याच पाण्यात शिजून करडं पडतं. पाणी आहे तोवर मटणाचा पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही. खरपूस तांबूस थर धरायला साधारण १४० अंश लागतात. बीड जाड असल्यामुळे साठवलेली उष्णता धरून ठेवतं आणि ते पाणी लगेच उडवतं. मात्र बिडातून उष्णता हळू पसरते, ॲल्युमिनियमच्या मानाने फारच हळू. म्हणून मोठी आच करून दोन मिनिटांत पॅन तापवला तर मधोमध तेल जळतं आणि काठ गारच राहतो. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं द्या आणि मध्ये दोनदा पॅन पाव वळसा फिरवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चरचरून न विझता गोळी होऊन पळू लागला की पॅन तयार. नॉनस्टिक असा रिकामा तापवायचाच नसतो. २६० अंशांच्या आसपास त्याचा लेप खराब व्हायला लागतो.

मधला मारुती परिसरातल्या भांड्यांच्या दुकानांत घ्यायला गेलात तर पॅन हातात घेऊन नीट बघा. काचेच्या काउंटरवर ठेवून दोन बाजूंनी दाबा. डुगडुगला तर तळ सपाट नाही, तो घेऊ नका. दांडा धरून बोटाच्या पेराने ठोका. स्वच्छ टणत्कार यायला हवा, बद्द आवाज आला तर तडा असण्याची शक्यता मोठी. आतल्या बाजूला ओतकामाची बारीक छिद्रं दिसतात का पाहा, कारण तिथेच पाणी साचून गंज धरतो. पांढरा कागद आतून घासा; काळा रंग निघाला तर तो सीझनिंग, म्हणजे तेल तापवून धरवलेला कडक थर, नसून नुसता रंग असू शकतो. आधीच सीझन केलेला पॅन थोडा महाग पडतो, पण नवशिक्याने तोच घ्यावा.

कच्चा पॅन घेतलात तर साबण आणि काथ्याने घासून गॅसवर पूर्ण वाळवा. मग तेलाचा हात फिरवा आणि कोरड्या कापडाने पुसून घ्या, इतका की तेल लावलंच नाही असं वाटेल. मध्यम आचेवर धूर थांबेपर्यंत तापवा, गार करा, पुन्हा तेच. चार वेळा तरी. थर जाड दिला की चिकट राहतो, लोक इथेच फसतात. आपल्याकडचं करडईचं तेल या कामाला उत्तम, कारण तापल्यावर ते सुकून कडक थर धरतं. जवसाचा थर दिसायला सुंदर, पण पुढे त्याचे पापुद्रे निघतात.

आता मटण. राज्यात गायीच्या कत्तलीला आधीपासूनच आणि बैल, वळू यांच्या कत्तलीला २०१५ पासून बंदी आहे, म्हशीच्या मांसाला नाही. ज्यांना चालतं त्यांनी म्हशीचा अंडरकट (कण्याखालचं मऊ मांस) घ्यावा, त्याचा स्टेक सर्वांत सोपा. बाकीच्यांसाठी बोकड आहेच. उस्मानाबादी ही मांसासाठी नावाजलेली जात तर शेजारच्या धाराशिवचीच. कोवळ्या बोकडाचे चाप (बरगडीच्या हाडासकटचे काप) मागा, किंवा मांडीचा हाडाविना तुकडा. खाटिकाला स्पष्ट सांगा: "दोन सेंटीमीटर जाड, धाग्याला आडवे काप, बारीक करू नका." सांगितलं नाही तर सवयीने रश्शाचे तुकडे पडतात.

सकाळी कापलेलं मटण दुपारी पॅनवर टाकू नका. कत्तलीनंतर काही तासांत स्नायू ताठरतात आणि ते सैल पडायला वेळ लागतो. रश्शात तासभर शिजताना हे जाणवत नाही. सात मिनिटांच्या भाजणीत काप रबरासारखा लागतो. फ्रीजमध्ये २४ तास ठेवा. अर्ध्या किलोला एक सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅम मीठ आदल्या रात्रीच लावा आणि ताट वर काही न झाकता खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे वरची बाजू सुकते. वेळ नसेल तर मीठ भाजण्याआधी किमान ४० मिनिटं, नाहीतर अगदी पॅनवर टाकतानाच. पंधरा-वीस मिनिटं आधी लावलंत तर सुटलेलं पाणी वरच उभं असतं आणि पुन्हा तीच उकड होते. मांडीचा काप चिवट वाटला तर कच्च्या पपईचा गर अर्ध्या किलोला एक चमचा, अर्धा तास, मग पुसून टाका. जास्त वेळ ठेवलात तर वरचा थर पिठूळ होतो.

भाजण्याआधी प्रत्येक काप कापडाने कोरडा टिपा. कडेच्या चरबीला आणि पांढऱ्या पडद्याला दर तीन सेंटीमीटरवर चीर द्या, नाहीतर काप वाटीसारखा वळतो आणि मधला भाग पॅनला टेकतच नाही. तेल पॅनमध्ये न ओतता कापांना चोळा. शेंगदाण्याचं किंवा करडईचं रिफाइंड. घाण्याचं तेल इथे नको, ते लवकर धुरावतं. १० इंचात चारच चाप ठेवा, मध्ये बोटभर जागा सोडून. टाकल्यावर दहा सेकंद दाबून धरा. मग दर मिनिटाला पलटा, एकूण सहा-सात मिनिटं. एकदाच पलटायचं हा आग्रह सोडा. वारंवार पलटल्याने आतून सारखं शिजतं. शेवटी चाप चरबीच्या कडेवर मिनिटभर उभे करा.

मसाल्याची घाई नको. काळं तिखट सुरुवातीला लावलं तर या आचेवर जळून कडू होतं. आच मंद करा, २० ग्रॅम लोणी, चार ठेचलेल्या लसूणपाकळ्या आणि अर्धा चमचा काळं तिखट घाला आणि ते लोणी चमच्याने कापांवर ओतत अर्धं मिनिट थांबा. थर्मामीटर असेल तर कडेने आडवा, हाडाला न लागता खुपसा: ६३ अंशांना उतरवलं तर आत गुलाबी झाक राहते, ७० ला ती जाते, ७५ च्या पुढे बोकडाचं मटण कोरडं पडतं. गरोदर बायकांसाठी ७० च्या खाली उतरवू नका. उतरवल्यावर जाळीवर पाच मिनिटं ठेवा, तोवर हात लावू नका. खाली गळालेला रस पॅनमधल्या लोण्यात परत घाला आणि त्यात कडक भाकरी मोडा. ज्वारीची ती कोरडी, कुरकुरीत चव या खमंग लोण्याबरोबर पावापेक्षा कितीतरी सरस लागते. बाजूला शेंगाचटणी आणि कांदा पुरे.

पॅनचे दोषही आहेत. दांडा मटणाइतकाच तापतो, त्यामुळे जाड फडकं हवंच. एका हाताने उचलणं अवघड. धूर भरपूर होतो; खिडकी उघडी आणि चिमणी चालू ठेवूनच सुरू करा. चिंच, टोमॅटो, लिंबू यांत शिजवू नका, आंबटाने थर सुटतो. धुताना कोमट पाणी आणि काथ्या, लागलाच तर थोडा साबण, पण रात्रभर भिजत ठेवणं नाही. मग गॅसवर दोन मिनिटं वाळवून तेलाचं बोट फिरवा. इंडक्शनवर चालतो, फक्त सुरुवात कमी वॅटवर करा, कारण एकदम कमाल आचेवर बीड तडकू शकतं. काचेच्या शेगडीवर तो कधीही घासत सरकवू नका, उचलूनच ठेवा.