मॉरिशस की सेशेल्स? पोर्ट लुई आणि व्हिक्टोरिया बघून ठरवा

हिंद महासागरातल्या बेटांवर जायचं ठरलं की घरातली चर्चा दोन नावांवर येऊन अडते, मॉरिशस की सेशेल्स. टूर कंपन्यांची पत्रकं चाळून ती पुढे सरकत नाही, कारण पांढरी वाळू आणि निळं पाणी दोन्हीकडे सारखंच छापलेलं असतं. खरा फरक कळतो तो दोघांच्या राजधान्यांत, आणि बहुतेक सहलींत नेमक्या त्याच वगळलेल्या असतात किंवा "शॉपिंगसाठी दोन तास" एवढ्यात उरकलेल्या असतात. म्हणून इथे किनाऱ्यांबद्दल थोडं आणि पोर्ट लुई व व्हिक्टोरियाबद्दल जास्त लिहितो आहे.

आधी आकाराचा अंदाज घेऊ. मॉरिशसचं मुख्य बेट 1,865 चौरस किलोमीटरचं, देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, त्यातली दीड लाखाच्या घरातली माणसं पोर्ट लुईत. सेशेल्समध्ये 115 बेटं आहेत, पण सगळ्यांची जमीन एकत्र केली तरी बृहन्मुंबईपेक्षा कमीच भरते. देशात जेमतेम लाखभर माणसं आणि त्यातली बहुतेक माहे या एकाच बेटावर. व्हिक्टोरियाची वस्ती 26 हजारांच्या आसपास. दोन्हीकडे आधी फ्रेंच, मग इंग्रज. सेशेल्सचा कारभार तर 1903 पर्यंत मॉरिशसमधूनच चालायचा. त्याच वर्षी व्हिक्टोरियाच्या चौकात एक छोटा घड्याळाचा मनोरा उभा राहिला. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनाजवळच्या मनोऱ्यावर बेतलेला हा रुपेरी खांब आजही शहराचा मध्य आहे.

पोर्ट लुईत काय आहे

माझ्या मते मॉरिशसला जाण्याचं सगळ्यात मोठं कारण पोर्ट लुईच्या बंदरावर आहे. ते म्हणजे आप्रवासी घाट. 1834 पासून पुढची ऐंशीहून अधिक वर्षं, उसाच्या मळ्यांसाठी करारावर आणलेली साडेचार लाखांवर माणसं या बंदरात उतरली. त्यातली बहुसंख्य हिंदुस्थानातली. गुलामगिरी संपल्यावर मळेवाल्यांना मजूर हवे होते आणि इंग्रज सरकारने हा प्रयोग आधी इथे करून पाहिला, मग इतर वसाहतींत नेला. 1849 मध्ये बांधलेल्या या आगाराचा थोडाच भाग शिल्लक आहे: काळ्या दगडाच्या पायऱ्या, दवाखान्याच्या खोल्या, न्हाणीघरं. उतरलेल्या प्रत्येकाची नोंद व्हायची, नंबर मिळायचा, पुढे फोटोही निघायला लागले. त्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत आणि त्यांच्या आधारे आजही लोक आपलं मूळ गाव शोधतात. 2006 मध्ये या जागेला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. प्रवेश मोफत आहे. रविवारी बंद असतं.

मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, साताऱ्याकडची माणसं होती. त्यांचे वंशज घरी क्रिओल ही फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली बोलतात आणि मराठी भाषा शाळेत जाऊन शिकतात. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, मूर्तीचं विसर्जन समुद्रात होतं. कास्काव्हेलसारख्या गावात अजून 'झाकरी' नाचतात, ती बघितली की कोकणातली जाखडी डोळ्यांसमोर येते. हे सगळं बघायला आपली माणसं फार कमी जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घाटापासून चालत जाण्याच्या अंतरावर सेंट्रल मार्केट आहे. तिथे ढोल पुरी खाल्ल्याशिवाय निघू नका. हरभऱ्याची डाळ शिजवून, वाटून, हळद-जिरं घालून भरलेली पातळ मऊ पोळी, पुरणपोळीची तिखट बहीणच म्हणा ना. तव्यावरून काढलेल्या दोन पोळ्या एकावर एक ठेवतात, वर घेवड्याची रस्सा भाजी, टोमॅटोचं रुगाय आणि मिरचीची चटणी घालतात, कागदात गुंडाळून हातात देतात. खाताना रस्सा कोपरापर्यंत ओघळतो. सोबत सब्जा घातलेलं थंडगार दूध मिळतं, त्याला अलुदा म्हणतात. शाकाहारी माणूस या शहरात उपाशी राहत नाही.

वेळ उरला तर ब्लू पेनी म्युझियममध्ये 1847 ची दोन प्रसिद्ध टपाल तिकिटं बघता येतील. शाँ द मार्सचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदानही जवळ आहे, तिथे 1812 पासून शर्यती होतात.

आता उणी बाजू. पोर्ट लुई तिन्ही बाजूंनी डोंगरांत अडकलेलं आहे. उन्हाळ्यात घाम निघतो, सकाळ-संध्याकाळ रस्ते तुंबतात, आणि ऑफिसं सुटली की शहर रिकामं होतं. मुक्काम इथे करू नका, किनाऱ्यावर करा आणि एक दिवस सकाळी इथे या. क्युरपीपच्या बाजूला राहणार असाल तर मेट्रो सोयीची. लार्सन अँड टुब्रोने बांधलेल्या या मार्गाच्या पहिल्या टप्प्यावर 2020 च्या जानेवारीपासून गाड्या धावतात, क्युरपीपपर्यंत त्या 2022 मध्ये पोचल्या.

व्हिक्टोरिया

व्हिक्टोरिया दोन तासांत पायी फिरून होते. मी हे कमीपणा म्हणून सांगत नाही. शनिवारी सकाळी सेल्विन-क्लार्क मार्केटमध्ये जा. ताजा लाल तांबोसा, ट्यूना, दालचिनीच्या साली, व्हॅनिलाच्या शेंगा, नीरफणस, आणि मासळीच्या कट्ट्यांवर निर्धास्त चालणारे पांढरे गायबगळे. कोळ्याने मासा साफ करून आतडं बाजूला टाकलं की बगळा ते उचलतो, कुणी हाकलत नाही. कोकणातल्या माणसाला हा बाजार परका वाटणारच नाही. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी मात्र गाव बंद असतं.

मार्केटपासून जवळच, क्विन्सी स्ट्रीटवर, रंगीत गोपुराचं नवशक्ती विनायगर मंदिर आहे. 1992 मध्ये इथल्या तमिळ समाजाने ते बांधलं. पूजा दाक्षिणात्य पद्धतीची, देव आपला. शहराच्या टोकाला वनस्पती उद्यान आहे. तिथली महाकाय कासवं आणि कोको द मेर या जोडनारळाची झाडं बघाच. जगातलं सर्वांत मोठं बी याच झाडाचं. हे नारळ समुद्रातून वाहत आपल्या किनाऱ्यांना लागायचे तेव्हा ते कुठून येतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. साधूंच्या हातातलं काळं कमंडलू बऱ्याचदा याच दर्याच्या नारळाचं असतं. हा नारळ परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

व्हिक्टोरियाचं खरं काम मात्र धक्क्याचं आहे. इथून बोट सुटते आणि तासाभरात प्रालेंला पोचवते. तिथे व्हाले द मे हे कोको द मेरचं नैसर्गिक जंगल आहे, पुढे पाव तासावर ला दिग, जिथे लोक सायकलवर फिरतात. सेशेल्स म्हणजे मुख्यतः हेच, बेटामागून बेट. डोंगरात चालायचं असेल तर माहेवर 905 मीटर उंचीचा मोर्न सेशेल्वा शहराच्या डोक्यावरच उभा आहे.

आपल्याशी जोडलेली एक घटना फार कमी जणांना आठवते. 25 नोव्हेंबर 1981 ला भाडोत्री सैनिकांची टोळी सुट्टीवरच्या पर्यटकांच्या वेशात माहेच्या विमानतळावर उतरली, सरकार उलथवायला. सामानात बंदूक सापडली, चकमक झाली, आणि पळून जाण्यासाठी त्यांनी हरारेहून मुंबईला निघालेलं एअर इंडियाचं विमान दरबानला पळवलं. प्रवासी सुखरूप सुटले.

पैसा, हवामान, पोट

सेशेल्स महाग आहे. जवळपास सगळं बाहेरून येतं आणि एक सेशेल्स रुपया आपल्या सुमारे सहा रुपयांना पडतो. मॉरिशसचा रुपया दोन रुपयांच्या आत मिळतो, शिवाय फेब्रुवारी 2024 पासून तिथे यूपीआय सुरू झालं आहे. सेशेल्समध्ये खर्च आवरायचा एकच चांगला मार्ग म्हणजे स्वयंपाकघर असलेली खोली घेणं आणि बाजारातून मासळी आणून रांधणं. स्वस्त बस आहेत, पण मोठं सामान त्यात घेत नाहीत, त्यामुळे विमानतळाहून टॅक्सीच करावी लागते. आई-वडील शाकाहारी असतील तर तिथे रोजच्या जेवणाचा प्रश्न उभा राहतो.

व्हिसाची कटकट भारतीयांना दोन्हीकडे नाही. सेशेल्ससाठी मात्र निघण्यापूर्वी ऑनलाइन प्रवास-परवानगी शुल्क भरून घ्यावी लागते.

हवामान नीट बघा, कारण इथेच बरेच बेत फसतात. मॉरिशसला नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा धोका असतो. जानेवारी 2024 मध्ये 'बेलाल' आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. माहे वादळांच्या पट्ट्याबाहेर आहे, पण डिसेंबर-जानेवारीत पाऊस भरपूर. मे ते सप्टेंबर आग्नेयेकडून वारा येतो, समुद्र खवळतो आणि प्रालेंची बोट चांगलीच हलते. मळमळण्याची सवय असेल तर गोळी आधीच घ्या. एप्रिल आणि ऑक्टोबर हे सेशेल्सचे शांत महिने.

मग कुठे जावं

आई-वडील, मुलं असा सगळा गोतावळा घेऊन पहिल्यांदाच निघाला असाल तर मॉरिशस, यात मला शंका नाही. तिथे माणसं भेटतात, जेवण मिळतं, पैसे पुरतात आणि आप्रवासी घाटावर आजोबांना नातवंडांना सांगण्यासारखं खूप काही असतं. दोघंच असाल, मासे आवडत असतील, चढायची-पोहायची हौस असेल आणि खिशाला जरा जास्त चाट बसली तरी चालणार असेल, तर सेशेल्स. दोन्ही एका आठवड्यात करायचा मोह आवरा. माहे, प्रालें आणि ला दिग मिळूनच आठवडा जातो.

सुट्टी भाद्रपदात मिळणार असेल तर डोळे मिटून मॉरिशस निवडा. तेव्हा तिथे हवा कोरडी आणि गार असते, वादळांचा मोसम लांब असतो, आणि चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर विसर्जनाला निघालेली मराठी कुटुंबं भेटतात. विमानाची तिकिटं मात्र लवकर काढा.