लंडनहून सातारा: रात्रीचा बिझनेस क्लास की दिवसाची इकॉनॉमी?

काम आटोपून लंडनहून साताऱ्याला परतताना विमानाइतकाच मुंबईपुढचा अडीचशे किलोमीटरचा रस्ताही मोजावा लागतो.

उन्हाळ्यात आपलं घड्याळ लंडनपेक्षा साडेचार तास पुढे असतं. तिथून रात्री नऊला निघालं की नऊ तासांनी, आपल्या सकाळी साडेदहाच्या सुमारास, मुंबई. बिझनेस क्लासची सीट सपाट पलंग होते, पण झोप आपोआप मिळत नाही. लाउंजमध्येच जेवून घ्यावं आणि विमानात थेट आडवं व्हावं. नाहीतर चार प्रकारचं जेवण येत राहतं, मग उतरण्याआधी दीड-दोन तास नाश्त्यासाठी दिवे लागतात, आणि एवढे पैसे कशाला मोजले असं होतं. नीट झोपलात तर दुपारच्या उजेडात एक्सप्रेसवे आणि खंबाटकी घाट ओलांडून संध्याकाळच्या चहाला घरी.

दिवसाची इकॉनॉमी सकाळी दहाला निघून रात्री साडेअकराला मुंबईत. शरीराला मात्र संध्याकाळचे सातच वाटतात, त्यामुळे गाडीत डोळा लागत नाही. ड्रायव्हरला लागू नये, ही वेगळीच काळजी. त्या रात्री मुंबईतच मुक्काम बरा. तो धरूनही खर्च पुष्कळ कमी.

तिकीट कंपनीचं असेल तर मी डोळे झाकून रात्रीचं घेईन. स्वतःच्या खिशातून असेल, तर इकॉनॉमी आणि अंधेरीतलं हॉटेल. दुबईहून येताना तर पलंगाचा प्रश्नच नाही, तीन तासांत झोपणार किती!