दिवाळीला पुण्याहून कोल्हापूर: गाडी, रेल्वे, एसटी की ट्रॅव्हल्स?

कात्रजचा बोगदा ओलांडायच्या आत जाऊबाईंचा फोन येतो, "कुठंवर आलाईसा?" या प्रश्नाला नेमकं उत्तर देता येईल का, यावरच मी आता कशानं जायचं ते ठरवते. पाच तास लागोत की सात. किती लागतील हेच कळत नसलं की डोकं उठतं. आम्ही चौघं: आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि आत्या, म्हणजे सासूबाई, वय ७६.

आधी आठवते ती स्वतःची गाडी. अंतर साधारण २३० किलोमीटर, एरवी साडेचार-पाच तास. सणाच्या तोंडावर मात्र खेड शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी असे चार टोलनाके, खंबाटकीचा चढ आणि साताऱ्याच्या पुढं सहापदरीकरणाच्या कामाची डायव्हर्शन्स. गेल्या वर्षी घाटात पुढं एक ट्रक बंद पडला. क्लचवर पाय ठेवून ठेवून नवऱ्याच्या पोटरीत गोळा आला, पोरानं चकलीचा डबा निम्मा केला आणि आत्या दर दहा मिनिटांनी "इंजिन तापलं का बघ" म्हणत राहिल्या. जाऊबाईंना सांगायला एकच उत्तर होतं: "ट्रकच्या मागं." गाडीच न्यायची असेल तर पहाटे चारला पुणं सोडा, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर निघूच नका. परतीला मात्र गाडीसारखं सुख नाही. गुळाची ढेप, फराळाचे डबे, चटणीची बरणी, सगळं डिकीत जातं.

रेल्वेचा रस्ता लांबचा, मिरजेवरून ३२६ किलोमीटर. पण घाटात कोंडी नाही, आणि मांडीवर डबा उघडून जेवता येतं. वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. पुण्याहून बुधवार, शुक्रवार आणि रविवारी दुपारी सुटते, सव्वापाच-साडेपाच तासांत पोचवते. मुंबईकरांनी फार विचार करू नये, रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडावी. खरी मेख रिझर्व्हेशनची. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. हिशेब मांडून पाहा: गणेश चतुर्थी ते लक्ष्मीपूजन सुमारे ५५ दिवस. म्हणजे दिवाळीचं जायचं तिकीट गणपती बसायच्या आधीच्या आठवड्यात, सकाळी आठ वाजता काढायचं. भाऊबीज करून दुसऱ्या दिवशी परतायचं असेल तर ते हरितालिकेच्या आसपास. आरास करण्याच्या नादात हे राहून जातं. मग उरतं तत्काळ, आदल्या दिवशी एसीसाठी दहाला आणि बिनएसीसाठी अकराला. त्यावर सण सोपवू नका. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागेपर्यंत वेटिंगवरच राहिलं तर आपोआप रद्द होतं, पैसे परत येतात, पण तुम्ही पुण्यातच.

पैशाचं म्हणाल तर एसटीला तोड नाही. मला महिला म्हणून अर्धं तिकीट, मुलगा बाराच्या आतला म्हणून त्याला अर्धं, पंचाहत्तरी ओलांडलेल्या आत्यांना फुकट (आधार कार्ड जवळ हवं), नवऱ्याला पूर्ण. चौघं दोन तिकिटांत! रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, आणि मुलाला स्वतंत्र जागा हवी तर पूर्ण भाडं. म्हणजे चार तिकिटं. पण एसटीही त्याच घाटात अडकते, आणि आत्यांचे गुडघे तेवढा वेळ दुमडून राहत नाहीत. एकटी बाई किंवा कॉलेजची पोरं असतील तर मी डोळे झाकून एसटी सांगेन. फक्त सीट आधी आरक्षित करा. ऐन सणात स्वारगेटला खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची हौस कुणाला असेल तर असो.

खाजगी ट्रॅव्हल्सबद्दल थोडक्यात. झोपून जाता येतं, घराजवळ पिकअप मिळतो. राज्य सरकारच्या २०१८च्या निर्णयानुसार एसटीच्या त्याच प्रकारच्या बसच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त आकारता येत नाही. जास्त घेतलं तर तिकीट जपून ठेवा आणि आरटीओकडे तक्रार करा. एकदा आम्हाला कोल्हापूर शहरातल्या कावळा नाक्याला सोडतो म्हणून बसवलं आणि पहाटे साडेतीनला हायवेवरच्या तावडे हॉटेलपाशी उतरवलं. आत्या, तीन बॅगा आणि हायवे. रिक्षावाल्यानं मागितले तेवढे दिले. आत्या सोबत असतील तर पुन्हा नाही.

यंदा जाताना रेल्वे, कारण आत्यांना पाय पसरता येतात आणि स्टेशन गावातच आहे. परतीला नवऱ्याचा मित्र त्याच्या गाडीनं येणार आहे, त्याच्या गाडीत आत्या आणि डिकीत गुळाची ढेप, डबे जातील, आम्ही तिघं एसटीनं. जाऊबाईंशी ठरलंय: कोल्हापूरच्या अलीकडचं हातकणंगले स्टेशन गेलं की फोन, मग त्या तव्यावर भाकरी टाकणार.